हुकूम काय? पत्त्यांतल्या एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर किंवा लग्नघरी जेवणं आटोपल्यावर पत्त्यांचा कॅट निघतो, पिसून वाटला जातो आणि कुणीतरी विचारतं, "हुकूम काय?" मराठवाड्यात या प्रश्नाला कधी कधी दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. असं का होतं आणि हा शब्द जगात आणखी कुठे कुठे भेटतो, याबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

पत्त्यांत हुकूम म्हणजे नेमकं काय?

चार रंगांपैकी जो रंग त्या डावापुरता बाकी तिन्हींच्या वरचढ ठरतो, तो हुकूम. उतारी, म्हणजे फेरीतलं पहिलं पान, बदामची झाली आणि तुमच्याकडे बदाम नसेल, तर हुकमाचं पान टाकून तो हात, म्हणजे त्या फेरीत पडलेली पानं, तुम्ही कापू शकता. बदामचा एक्का पडलेला असला तरी हुकमाची दुर्री त्याला मारते. फक्त एक अट आहे. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकावा लागतो. बदाम लपवून हुकूम मारला, तर पुढे तो बदाम बाहेर पडतोच आणि मग भांडण होतं.

हुकूम कोणत्याही एका रंगाचं कायमचं नाव नाही, तो दर डावाला बदलतो. निदान मराठीत तरी असंच आहे.

मग हिंदीत "हुकुम का इक्का" म्हणजे इस्पिकचा एक्का कसा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मराठवाड्यात तो दुसऱ्या कुठल्याही भागापेक्षा जास्त येतो. मराठीत चार रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर. हिंदी-उर्दूत त्यांनाच हुकुम, पान, ईंट आणि चिडी म्हणतात. म्हणजे आपलं इस्पिक तिकडे कायमचंच हुकुम असतं, त्या डावात त्याला मान असो वा नसो.

आता छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड किंवा उदगीरच्या एखाद्या कट्ट्यावर मराठी आणि दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलणारे दोस्त एकत्र बसले, की संवाद असा होतो:

"हुकूम काय हाय?"
"हुकुम."
"अहो तेच तर विचारायलो, हुकूम काय हाय?"
"हुकुमइच है ना मामू!"

बोलणारा काहीच चुकीचं सांगत नसतो. या डावाचा वरचढ रंग इस्पिक आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं. त्याच्या "हुकुमइच" मधला तो "च" मात्र आपलाच. दखनीने मराठीकडून घेतलेली ही लकब उत्तरेतल्या उर्दूत सापडत नाही. एका छोट्याशा वाक्यात अरबी शब्द आणि मराठी प्रत्यय शेजारी शेजारी बसतात, आणि मला तरी आपल्या भागाची याहून चांगली ओळख दुसरी सांगता येणार नाही.

मिश्र मंडळी असतील तर "रंग कोणता?" असं विचारावं. उर्दूत रंग या शब्दाचा अर्थही हुकूम असाच होतो. पाकिस्तानात तर या जातीच्या एका लोकप्रिय खेळाचं नावच रंग आहे. "रंग क्या है?" "हुकुम." एवढ्यात काम भागतं.

म्हणजे "हुकमाचा एक्का" मराठीत वापरला तर कोणता समजायचा?

त्या डावात जो रंग हुकूम असेल, त्याचा एक्का. हिंदी मजकूर मराठीत आणताना "हुकुम का इक्का" जसाच्या तसा ठेवला, तर मराठी वाचकाला चुकीचं पान दिसतं. तिथे इस्पिकचा एक्का असंच लिहायला हवं.

हा शब्द मूळचा कुठला?

अरबी. मूळ उच्चार हुक्म, आणि अर्थ निवाडा, न्यायाधीशाचा निर्णय, आज्ञा. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून फुटतात. इथे ती व्यंजनं ह, क आणि म. याच धातूचे भाऊबंद आपण रोज वापरतो. निवाडा करणारा किंवा सत्ता चालवणारा तो हाकिम. शहाणा, आणि त्यावरून वैद्य, तो हकीम. शहाणपण ती हिकमत. मराठीत हिकमतीला युक्तीचा रंग चढला आणि हिकमती माणूस म्हणजे डोकं चालवून मार्ग काढणारा, असा अर्थ रूढ झाला. सत्ता ती हुकूमत. कचेरी किंवा खातं ते महकमा. हिब्रू ही अरबीची बहीण भाषा, तिच्यातही शहाणपणाला होखमा म्हणतात.

याच धातूतला हकमा हा शब्द लगामाच्या एका भागाचं नाव आहे, घोड्याला आवरणारा भाग. आवरणं, काबूत ठेवणं हा अर्थ या सगळ्या कुळाच्या तळाशी आहे. खेळातही हुकमाचं काम तेच असतं, कारण सुटत चाललेला हात तो आवरतो.

मराठीत तो हैदराबादच्या निजामाच्या राजवटीमुळे आला का?

नाही, त्याच्या कितीतरी आधीचा आहे. बहमनी आणि पुढे अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही यांच्या काळातच दख्खनच्या दफ्तरात फारसी रुळली आणि तिच्या पाठीवर बसून अरबी शब्द गावोगाव पोचले. पैठणच्या एकनाथ महाराजांचा काळ १५३३ ते १५९९. त्यांनी "अर्जदस्त" हे रूपक थेट सरकारी अर्जाच्या फारसी वळणाच्या भाषेत रचलं. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला ती भाषा कळत होती, म्हणूनच ते चाललं. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बरेच फारसी-अरबी शब्द त्यानंतरही टिकले. हुकूम त्यातलाच, आणि आज तो कुणाला परका वाटत नाही.

निजामाच्या राज्यात एवढं झालं की इथे शब्दाची उर्दू बाजू जिवंत राहिली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं जाई. पुण्या-सातारकडे हुकूम हा मराठी शब्द म्हणूनच ऐकू येतो. आपल्याकडे तो मराठीतूनही आला आणि उर्दूतूनही, म्हणून पत्त्यांच्या बैठकीत त्याचे दोन अर्थ समोरासमोर येतात.

कोर्टाच्या कामात तर तो अजून ठाण मांडून आहे. दिवाणी दाव्याच्या शेवटी मिळतो तो हुकूमनामा. बांधकाम थांबवायला आणतात तो मनाई हुकूम. हुकूमशहा आणि हुकूमशाही हे शब्द तर वर्तमानपत्रात रोज दिसतात. त्यातला शहा फारसी आहे.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या हुकमनाम्याचा याच्याशी संबंध आहे का?

शब्दाचा आहे. नांदेडचं तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला. गुरूंनी संगतीला पाठवलेल्या लेखी आज्ञांना हुकमनामे म्हणत. गुरू ग्रंथ साहिब उघडून समोर येणारं जे वचन त्या दिवसाची आज्ञा म्हणून वाचतात, तोही हुकमनामा. शीख परंपरेत हुकम म्हणजे ईश्वरी इच्छा, सगळं चालवणारा नियम. तिथे या शब्दाचा अर्थ फार वरचा आहे, आणि पत्त्यांच्या गप्पांत तो ओढून आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अरब देशांत आणि इराणमध्ये पत्त्यांच्या खेळात हा शब्द चालतो का?

चालतो, आणि आपल्याला ओळखीचा वाटावा असाच चालतो.

इराणमधला सगळ्यात आवडता पत्त्यांचा खेळ "होक्म". चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघे जोडीदार. ज्याला हुकूम बोलायचा मान मिळतो त्याला हाकेम म्हणतात, म्हणजे आपला हाकिमच. त्याला पहिली पाच पानं वाटतात, ती पाहून तो रंग जाहीर करतो, मग उरलेली पानं वाटली जातात. पाच-तीन-दोन खेळणाऱ्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. पाच हात करणारा गडीसुद्धा पहिल्या पाच पानांवरच हुकूम बोलतो. होक्ममध्ये तेरांपैकी सात हात आधी करणारी जोडी जिंकते, आणि समोरच्यांना एकही हात न देता सात केले तर त्याला "कोत" म्हणतात. आपल्या मेंढीकोटमधला कोट आठवल्याशिवाय राहत नाही. भारतात यालाच जवळचा खेळ कोटपीस म्हणून खेळला जातो.

सौदी अरेबियात बलूत नावाचा खेळ घरोघर आहे. फ्रेंच खेळ बलोतचा तो अरबी अवतार. त्यात बोली दोन प्रकारची असते. हुकूम ठरवून खेळायचं तर "हुकुम", हुकमाशिवाय खेळायचं तर "सन". मराठवाड्यातून जेद्दा-रियाधला कामाला गेलेल्यांना हे शब्द तिथे कानावर पडले असतील.

तुर्की आणि मलय भाषांतही हुकूम आहे ना?

शब्द आहे, पत्त्यांतला अर्थ नाही. तुर्कीत ह्युक्युम म्हणजे निवाडा आणि ह्युक्युमेत म्हणजे सरकार, पण पत्त्यांतल्या हुकमाला ते कोझ म्हणतात. इंडोनेशियात हुकुम म्हणजे कायदा आणि हुकुमान म्हणजे शिक्षा, पत्त्यांत मात्र त्रुफ. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत हुकुमु म्हणजे न्यायनिवाडा आणि पत्त्यांत तुरुफु.

तुरुफु? मग हिंदीतलं तुरुप आणि तेलुगूतलं तुरुपु त्यातलंच का?

एकाच कुळातले शब्द आहेत. देगलूर-बिलोलीकडे किंवा किनवटच्या पलीकडे तेलुगू बोलणाऱ्यांत बसा, "तुरुपु मुक्का" ऐकू येईल. मुक्का म्हणजे तुकडा, पान. कन्नडमध्ये तुरुफु, तमिळमध्ये तुरुप्पु, मल्याळममध्ये तुरुप्प. हिंदी-उर्दूत "तुरुप का पत्ता". डच भाषेत हुकमाला त्रूफ म्हणतात, पोर्तुगीजमध्ये त्रुंफु, इंग्रजीत ट्रम्प. हे तिघंही जहाजांनी आले, मसाल्याच्या आणि कापडाच्या व्यापारासाठी. त्यांच्या वखारी किनाऱ्यावर होत्या आणि त्यांच्या खलाशांच्या पेट्यांत पत्ते होते.

म्हणजे एकाच गोष्टीला भारतात दोन शब्द दोन वाटांनी मिळाले. हुकूम खुष्कीच्या वाटेने, फारसी दफ्तरातून आला. तुरुप समुद्रावरून आला. मराठवाड्याच्या पूर्व आणि दक्षिण कडेवर, उदगीर, निलंगा, देगलूर या पट्ट्यात, दोन्ही शब्द एकाच आठवडी बाजारात भेटतात. या भागाला कुणी "मागास कोपरा" म्हटलं की मला म्हणून वाईट वाटतं. भाषेच्या दृष्टीने हा कोपरा नाही, चौक आहे.

इंग्रजीतलं ट्रम्प कुठून आलं?

"विजय" या अर्थाच्या शब्दावरून. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला खास चित्रांची पानं करू लागले. त्यांना त्रिओन्फी म्हणत, म्हणजे विजयोत्सव. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली त्यांची नोंद मिळते. ही पानं बाकी सगळ्यांना मारत. आज भविष्य सांगायला वापरतात ती टॅरोची पानं मूळची हीच, आणि ती खेळण्यासाठीच बनली होती. पुढे वेगळी पानं न करता चारांपैकीच एका रंगाला तो मान देण्याची सोपी युक्ती निघाली आणि नाव तेच राहिलं. फ्रेंचमध्ये त्रियोंफ, इंग्रजीत ट्रायम्फ, आणि बोलता बोलता झिजून ट्रम्प. १५२९ मध्ये केंब्रिजला ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने पत्त्यांचा दाखला देत प्रवचन केलं. त्यात त्याने ट्रायम्फ हाच शब्द वापरला आणि बदाम हा हुकूम धरला.

बाकीच्या भाषा काय म्हणतात?

फ्रेंचमध्ये पुढे आतू हा शब्द आला, "सगळ्यांवर" अशा अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. पोलिश आणि ग्रीकमध्ये तोच गेला. जर्मनमध्ये त्रुम्फ, स्वीडिशमध्ये जवळपास तसाच. रशियनमध्ये कोझिर.

जपानी सगळ्यात वेगळी. तिथे तोराम्पू म्हणजे पत्त्यांचा अख्खा कॅट! युरोपियन लोकांच्या तोंडून खेळताना ट्रम्प हा शब्द सारखा ऐकला आणि तेच पत्त्यांचं नाव झालं. खऱ्या हुकमाला जपानीत किरिफुदा, म्हणजे कापणारं पान. आपणही हुकमाने हात कापतोच.

हुकूम ठरवायच्या पद्धती किती?

बऱ्याच आहेत. सात-आठमध्ये दोघं खेळतात, प्रत्येकी पंधरा पानं. हुकूम बोलणाऱ्याने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. पाच-तीन-दोनचं वर आलंच आहे. ब्रिजमध्ये बोली लागते आणि हुकमाशिवाय खेळायचीही बोली असते. व्हिस्ट या जुन्या इंग्रजी खेळात वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं पडायचं, त्याचा रंग हुकूम. उत्तरेत आणि नेपाळात खेळतात त्या कॉलब्रेकमध्ये इस्पिक हाच कायमचा हुकूम असतो. हिंदीतलं इस्पिकचं नाव तिथे अगदी चपखल बसतं.

पण खरी गंमत मेंढीकोटमध्ये आहे. चौघं, दोन जोड्या, तेरा-तेरा पानं, आणि सगळी धडपड चार दश्श्यांसाठी, म्हणजे दहाच्या पानांसाठी. बंद हुकूम असेल तर एक गडी आपल्या हातातलं पान पालथं ठेवतो आणि वेळ आल्यावर ते उघडतं. कट हुकूम असेल तर सुरुवातीला हुकूमच नसतो. समजा, चौकटच्या एक्क्याची उतारी झाली. दुसऱ्याने चौकटची राणी टाकली. तिसऱ्याने जोडीदाराचा एक्काच हात घेणार असं समजून चौकटची दश्शी सोडली. चौथ्याकडे चौकट संपलेली. तो हातातली पानं जवळ ओढतो, किलवर जास्त आहेत असं बघतो आणि किलवरची तिर्री आपटतो. त्या क्षणी किलवर हुकूम झाला, हातही त्याचा आणि दश्शीही त्याची. पुढचा सगळा डाव त्या एका तिर्रीने ठरवला. आज्ञा देणं म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

चारही दश्श्या एकाच जोडीकडे गेल्या तर मेंढीकोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त, ते जिंकले.

गंजिफात हुकूम होता का?

गंजिफा म्हणजे आपल्याकडचे जुने, हाताने रंगवलेले पत्ते. त्यांच्या नेहमीच्या खेळात हुकूम नसतो. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद आहे, म्हणजे भारतात हा खेळ जुना. मोगल गंजिफा आठ रंगांचा, ९६ पानांचा. दशावतारी दहा रंगांचा, १२० पानांचा, आणि गोल पानं सावंतवाडीला आजही हाताने रंगवतात. हुकमाची कल्पना आपल्याकडे बावन्न पानांच्या युरोपीय कॅटबरोबर आली. कल्पना बाहेरची, पण तिला नाव द्यायला घरातलाच शब्द तयार होता.

इस्पिक आणि किलवर हे शब्द कुठले?

दोन्हींचे नातेवाईक दक्षिणेत सापडतात. तेलुगूत इस्पेटु आणि कळावरु, मल्याळममध्ये क्लावर. डचमध्ये किलवरच्या तीन पाकळ्यांच्या रंगाला क्लाव्हर म्हणतात, ते चाऱ्याच्या एका वनस्पतीचं नाव. पोर्तुगीजमध्ये इस्पिकला एस्पादास, म्हणजे तलवारी. इंग्रजी स्पेडही फावड्यावरून आलेला नाही, तोही तलवारीवरूनच. चौकट आणि बदाम हे तर आकार पाहून दिलेली आपली नावं. उर्दूने त्याच बदामात विड्याचं पान पाहिलं आणि चौकटीत वीट.

"हुकमी एक्का" हा वाक्प्रचार पत्त्यांतूनच आला ना?

हो. हमखास उपयोगी पडणारा माणूस किंवा डावपेच. निवडणुकीच्या बातम्यांत आणि क्रिकेटमध्ये तो सतत दिसतो. हुकमी गोलंदाज, हुकमी पीक असंही म्हणतात. पावसाने दगा दिला तरी हाती येणारं ते हुकमी पीक. बातमीत "ट्रम्प कार्ड" लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, "हुकमाचं पान" लिहा. कळायला सोपं आहे आणि आपलं आहे.

हुकूम की हुकुम? शुद्ध काय?

मराठीत हुकूम, कू दीर्घ. तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकार-उकाराचं असेल तर ते दीर्घ लिहायचं, असा नियम आहे. विभक्ती लागली की तो ऊकार गळतो: हुकमाचा, हुकमाने, हुकमाला. विशेषण हुकमी. पण जोडशब्दात मूळ रूप कायम राहतं, म्हणून हुकूमनामा आणि हुकूमशाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याबद्दल लिहिताना पंजाबी उच्चाराला धरून हुकमनामा लिहावं. हिंदी संवाद मराठी अक्षरांत लिहायचा असेल तर हुकुम चालेल.